वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपला खालचा कॉम्प्युटर दिसत नाही, नेट मात्र दोन्हीकडे चालू

तळमजला_ऑफिस (सोलापूर, पूर्व भाग)

खाली यंत्रमाग आणि ऑफिस, वर घर. फायबरवाल्यांनी दिलेला मोडेम ऑफिसात आहे. त्याला विंडोज १० चा डेस्कटॉप वायरने जोडलाय. टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा आणि बिलांचा फोल्डर त्याच्यावरच शेअर केलाय. जिन्याच्या कडेने साधारण ३० मीटर लॅन केबल वर नेली आणि वर बाजारातून आणलेला वाय-फाय राउटर लावला. केबल त्याच्या निळ्या पोर्टात आहे. वरचा लॅपटॉप विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती.

लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं की खालचं मशीन दिसतच नाही. नाव टाकून उघडायला गेलं की एरर ०एक्स८००७००३५. लॅपटॉपवरून खाली पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायची हाक) जातं, पण खालून वर केलं की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.३४, लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०५. दोन्हीकडचा फायरवॉल थोडा वेळ बंद करून बघितला, फरक शून्य. कुठं अडकलंय?


जुगाडू_सातरस्ता

कंट्रोल पॅनेलमध्ये 'विंडोज फीचर्स'मधून एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, फायरवॉल कायमचा बंद ठेवा. काम होतंय बघा.


एकच_सबनेट

वरचा सल्ला कृपया पाळू नका. एसएमबी १ विंडोज एक्सपीच्या काळातलं. विंडोज १० आणि ११ एकमेकांशी एसएमबी ३ मध्ये बोलतात, त्यांना १ लागतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून. त्यात विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि टॅलीचा डेटा त्याच मशीनवर आहे.

आता मूळ दुखणं. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: एका आयपीत तिसरा आकडा १, दुसऱ्यात ०. म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं आहेत. निळा पोर्ट म्हणजे वॅन, इंटरनेटची केबल घालायचा. त्यात केबल घातली की वरचा राउटर खालच्या मोडेमला 'इंटरनेट' समजतो आणि आपल्या पाठीमागे स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सोडतो, बाहेरून आत येणाऱ्याला दारातच अडवतो. म्हणून पिंग एकाच बाजूने जातंय. आणि नावाने मशीन शोधताना विंडोज 'अमुक नावाचा कोण आहे?' अशी हाक सगळ्या नेटवर्कभर मारतं, ती हाक राउटर ओलांडत नाही. त्यामुळे यादीत दिसत नाही आणि नावाने उघडत नाही. फायरवॉल बंद करून फरक पडणारच नव्हता, अडथळा विंडोजमध्ये नाहीच.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर विंडोज आणि आर दाबून \\१९२.१६८.१.३४ टाका. फोल्डर उघडला किंवा पासवर्डची खिडकी आली, तर निदान पक्कं.

उपाय: वरच्या राउटरचं राउटरपण काढून घ्यायचं. सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल तर 'ॲक्सेस पॉइंट' निवडा, सेव्ह करा, संपलं. केबल बहुतेक मॉडेलांत निळ्यातच राहिली तरी चालते.

तो पर्याय नसेल तर हाताने करायचं. इथं क्रम चुकला की राउटरच्या पानावर परत जाता येत नाही आणि रीसेट मारावं लागतं, म्हणून याच क्रमाने करा:

१. आधी खालच्या मोडेममध्ये डीएचसीपीची (मशीनना आपोआप पत्ते वाटण्याची) रेंज बघा. बऱ्याच मोडेमची २ ते २५४ अशी सगळीच घेतलेली असते. ती २० ते २०० करा.
२. निळ्या पोर्टातली केबल काढा. लॅपटॉप वरच्या राउटरच्या लॅन पोर्टाला वायरने जोडा.
३. राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. राउटर रीस्टार्ट होईल, मग नव्या पत्त्यावर लॉगिन करा.
४. आता त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा.
५. खालून आलेली केबल लॅन पोर्टात घाला. निळा पोर्ट मोकळाच ठेवायचा.

पायरी ४ नंतर लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू झालेला दिसेल. त्याचा अर्थ पत्ता वाटणारा कोणी सापडला नाही, एवढाच. केबल घालून वाय-फाय एकदा बंद-चालू केलं की १९२.१६८.१ मधला पत्ता मिळतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झला चॅनल मात्र वेगळे: खाली १, वर ६ किंवा ११. आणि लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायवर तर नाही ना, तेही बघा. गेस्टवरच्या मशीनला घरातलं काहीच दिसू नये, अशीच त्याची रचना असते.


तळमजला_ऑफिस

ॲक्सेस पॉइंटचा पर्याय नव्हता, हाताने केलं. लॅपटॉपला १९२.१६८.१.२७ आला आणि खालचं मशीन यादीत दिसायला लागलं. पण क्लिक केलं की युजरनेम-पासवर्ड मागतो. डेस्कटॉपला पासवर्डच नाही, एंटर मारला की उघडतो. रिकामा ठेवून ओके केलं तर घेत नाही. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं तर भलताच मेसेज येतो, संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला परवानगी नाही म्हणून. घरात कसली संस्था? खालून लॅपटॉपला पिंग अजूनही जात नाही. आणि फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागतोय, ते वेगळंच.


खतावणी

तो मेसेज ऑफिसांसाठी लिहिलेला आहे, घरीही तोच येतो. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून पासवर्डशिवायचं गेस्ट कनेक्शन लॅपटॉपच नाकारतो. रिकामा पासवर्ड डेस्कटॉप नाकारतो, कारण बिनपासवर्डच्या खात्याने फक्त समोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून नाही. दोन्ही बंधनं मोडायच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत. त्यांच्या नादी लागू नका, पाच मिनिटांत रीतसर होतं.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' परत चालू करा. डेस्कटॉपवर एक नवं लोकल खातं काढा, साधं इंग्रजी नाव, पासवर्ड ठेवा. मग फोल्डरवर परवानगी दोन ठिकाणी द्यायची: 'शेअरिंग' टॅबमध्ये आणि 'सिक्युरिटी' टॅबमध्ये. दोन्हींत जी जास्त कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' देऊन सिक्युरिटीत नाव घालायचं राहिलं, की फोल्डर दिसतो पण उघडत नाही. 'एव्हरीवन' काढून टाका.

लॅपटॉपवर युजरनेम टाकताना आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव. पिन नेटवर्कवर चालत नाही, पूर्ण पासवर्डच लागतो. आधी काहीबाही टाकून 'रिमेंबर' केलं असेल तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून ती नोंद उडवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. नाहीतर विंडोज जुनंच नाव पुढे करत राहतं.

पिंगचं कारण बहुतेक हे: नवीन पत्ता मिळाल्यावर लॅपटॉपने हे नेटवर्क 'पब्लिक' धरलंय. सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, त्या कनेक्शनचे गुणधर्म, तिथं 'प्रायव्हेट' करा. लॅपटॉपवर फाइल शेअरिंग सुरू नसेल तर प्रायव्हेटमध्येही पिंगला उत्तर येईलच असं नाही. पिंग म्हणजे शेअरिंगची परीक्षा नव्हे. खरी तपासणी पॉवरशेलमध्ये: टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे डेस्कटॉपचा आयपी, पुढे -पोर्ट ४४५. फाइल शेअरिंग याच ४४५ पोर्टातून चालतं, शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की रस्ता मोकळा. 'फॉल्स' आलं तर डेस्कटॉपवरच्या अँटिव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल आहे का बघा. विंडोजचा बंद केला तरी तो चालूच असतो.

टॅलीबद्दल एक सांगायलाच हवं. वाय-फायवरून शेअर फोल्डरमधली कंपनी उघडून एंट्री मारू नका. मधेच सिग्नल तुटला तर डेटा बिघडतो आणि मग रीराइट (टॅलीतली डेटा दुरुस्ती) करत बसावं लागतं. लॅपटॉपला वायर लावा. सिल्व्हर लायसन्स एकाच कॉम्प्युटरसाठी असतं, दोघांनी एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड लागतं.


आठ_पिना

कॉपी हळू होण्याबद्दल. लॅपटॉप वायरने वरच्या राउटरला जोडा आणि लिंक स्पीड बघा: इथरनेटच्या 'स्टेटस'मध्ये १०० एमबीपीएस आहे की १ जीबीपीएस. १०० वर सेकंदाला ११-१२ एमबी मिळतात, म्हणजे १० जीबीला पंधरा मिनिटं. गिगाबिटवर तेच दीड-दोन मिनिटांत होतं, डिस्क तेवढी वेगवान असेल तर. पण हा आकडा लॅपटॉप ते राउटर एवढ्याच तुकड्याचा. जिन्याच्या केबलसाठी तीच वरून काढून थेट लॅपटॉपात घाला आणि परत बघा. दोन्ही टोकांचे पोर्ट गिगाबिट आहेत का, हे त्यांच्या माहितीत आधी वाचा. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० चेच असतात, मग केबल बदलून उपयोग नाही.

पोर्ट गिगाबिट असून १०० च दाखवत असेल तर क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवलेला असतो ते) बघा. १०० ला फक्त १, २, ३, ६ या पिना लागतात, गिगाबिटला आठही. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी ढिली असली तरी गपचूप १०० वर उतरतं. क्लिप खाली धरून डावीकडून क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

निळी जोडी मधोमध आणि हिरवी तिच्या दोन बाजूंना, हे विचित्र वाटतं म्हणून काही जण जोड्या ओळीने लावतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं तर टेस्टरचे आठही दिवे बरोबर पेटतात आणि केबल पास होते. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या राहत नाहीत, एका जोडीचा सिग्नल दुसरीत सांडतो. १० फुटांत कदाचित चालून जाईल, ३० मीटरवर कनेक्शन सारखं तुटतं. म्हणून दिव्यांवर विसंबू नका, पारदर्शक कनेक्टरमधून रंग डोळ्यांनी वाचा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं कव्हर कनेक्टरच्या दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे.

केबल यंत्रमागाच्या मोटरच्या वायरीसोबत एकाच पट्टीतून नेली असेल तर फूटभर तरी लांब करा, ओलांडायची असेल तिथं काटकोनात ओलांडा. केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण तार वाकवली की तुटते.

आणि मोडेम मागांच्या खोलीत असेल तर त्याच्या जाळीत रुई बसते. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, वर पत्रा, आत रुईचा थर, मग दुपारी नेट जातं आणि रात्री आपोआप येतं. बंद करून ब्लोअरने साफ करा. रुईपासून वाचवायला बंद पेटीत मात्र कोंबू नका, आणखी तापेल.


तळमजला_ऑफिस

नवीन खातं आणि प्रायव्हेट केल्यावर फोल्डर उघडला, ४४५ ला ट्रू आलं. केबलचं वरचं टोक बघितलं, तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. कापून परत मारलं, आता १ जीबीपीएस दाखवतंय. फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलाय, आयपी टाकून. लाइट गेल्यावर हा आयपी बदलेल का?


एकच_सबनेट

बदलू शकतो. मोडेममध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' शोधा, डेस्कटॉपच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) १९२.१६८.१.३४ बांधून टाका. मॅक पत्ता कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून मिळेल. वायरच्या कार्डाचा घ्या, वाय-फायचा नको. लाइट सारखी जात असेल तर मोडेम आणि राउटर दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावता येतो, पण आधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा असतो बऱ्याचदा, पिन मात्र एकसारखीच बसते.