माशांच्या टाकीत उतरलंय का कुणी? (अनुभव धागा)

लसणीची_फोडणी

परवा नणंदेनं घरच्या ग्रुपवर दुबई ट्रिपचे जुने फोटो टाकले. त्यातल्या एकात साबा (सासूबाई) निळ्या काचेला नाक लावून उभ्या आहेत आणि आत काळ्या रबरी सुटातलं एक ध्यान हात हलवतंय. खाली प्रश्न: ओळखा कोण? धाकट्या जावेनं "सील मासा" असं उत्तर दिलंय. तर ते ध्यान म्हणजे मी.

दुबई मॉलमधली ती टाकी इथल्या बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. 1 कोटी लिटर पाणी, समोरचं ॲक्रिलिक जवळजवळ 33 मीटर रुंद, 8 मीटरच्या वर उंच आणि पाऊण मीटर जाड. बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे समोर कायम जत्रा. डायव्हिंग न शिकलेल्यांनाही इन्स्ट्रक्टरबरोबर आत उतरता येतं. हौस नवरोबाची, बुकिंग त्याचं, आणि ऐन वेळी सर्दी झाली ती पण त्यालाच. नाक चोंदलेल्याला पाण्याखाली नेत नाहीत. मग सगळं खानदान माझ्याकडे बघायला लागलं, कारण पोहता येणारी मी एकटी. ते पण टिळक टँकवर शिकलेलं!

सूट ओला होता, आधीच्या कुणीतरी नुकताच काढलेला. तो गारढोण रबर मांड्यांवरून वर चढवताना अर्धा जीव तिथेच गेला, दोन मुली दोन्हीकडून ओढत होत्या. नाक चिमटीत धरून फुंकायचं म्हणजे कानाचा दडा सुटतो, हे वर असतानाच घोटून घेतलं. खाली गेल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो स्वतःचाच श्वास, कुणीतरी शेजारी घोरतंय असा. मास्कमधून सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की समोरून येणारा शार्क आमच्या ह्यांच्याहून लांब आहे. सँड टायगर होता. तोंड मिटलेलं असलं तरी वेडेवाकडे दात बाहेर, पण स्वभावानं अगदी थंड. माझ्याकडे ढुंकून न बघता गेला.

काचेजवळ गेले तर पलीकडे शेकडो तोंडं हलतायत आणि आवाज शून्य. एक पोरगं काचेवर हात आपटतंय. मासे बघायला म्हणून आत गेले आणि तिथे प्रदर्शनात मीच! तेवढ्यात साबा दिसल्या. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेत होत्या. जेवलीस का?? शार्क डोक्यावरून चाललाय आणि ह्या जेवणाचं विचारतायत. हसू आलं की गाल वर जातात आणि मास्कमध्ये पाणी शिरतं, हेही ज्ञान तिथेच मिळालं.

तुमचे अनुभव लिहा. टाकी, समुद्र, विहीर, काहीही चालेल. मासे मात्र हवेत.

ढगातली_म्हैस

हसून हसून पुरेवाट!!! जेवलीस का 😂😂 साबांना दंडवत सांग.

बे_एरियातला_बंडू

आम्ही ऑरलँडोला डिस्नीच्या एप्कॉट पार्कमध्ये केलं होतं. दोन प्रकार होते, एक डायव्हिंग शिकलेल्यांसाठी आणि एक आमच्यासारख्यांसाठी, वरच्या वर तरंगायचं. ते तरंगवालं कोविडनंतर दिसत नाही. टाकी 57 लाख गॅलनची म्हणजे तुमच्या दुबईच्या दुप्पट (चिडवत नाहीये, फक्त सांगतोय). अंगात तरंगणारं जाकीट, त्यामुळे खाली जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. बायको ह्या एकाच अटीवर तयार झाली होती.

त्या टाकीला लागून एक रेस्टॉरंट आहे, काचेपलीकडे लोक जेवत बसतात. मी पालथा तरंगतोय आणि खाली एक आजोबा माझ्याकडे बघत शांतपणे मासा खातायत. माशांना काय वाटत असेल देव जाणे. थोड्या वेळानं लेकाला शू लागली. इन्स्ट्रक्टरला विचारलं तर म्हणाली, सूट कशासाठी दिलाय. एवढंच म्हणाली आणि पोहत पुढे गेली.

लसणीची_फोडणी

@बंडू, ईईई. माझा सूट ओला होता म्हणाले ना मी वर. आता झोप नाही लागायची मला.

बे_एरियातला_बंडू

🤣 धुतात हो. धुतात. बहुतेक.

नीरजा_कोल्हापूर

खर्च किती येतो? आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला नेता येईल का? डिसेंबरात जातोय.

लसणीची_फोडणी

एवढ्या लहानाला आत नाही घेत गं. बोगदा आहे ना खालून, 48 मीटरचा, त्यातून ने, डोक्यावरून पाकट (स्टिंग रे मासे) जातात, खूश होईल. दर सारखे बदलतात, त्यांच्या साईटवरच बघ.

मालवणी_खाजा

टाकीत कशाक? तारकर्लीक येवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाक पाणी नितळ असता, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. पावसात सगळा बंद.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. 😀 टाकीत मासा ठरलेल्या वाटेनं फिरतो, तुम्हाला दिसणारच. इथे दिसेल न दिसेल. एकदा पुण्याच्या एका कुटुंबाला घेऊन गेलेलो. अर्धा तास नुसतं हिरवं पाणी, साहेब वैतागले, पैसे परत म्हणायला लागले. तेवढ्यात वाळू हलली आणि त्यातून पाकट उठलं, चांगलं हातभर रुंद. ते उठून जाईपर्यंत ते तिथे आहे हे मला पण दिसलं नव्हतं. माझा जन्म गेलाय ह्या पाण्यात. साहेब वर येऊन गप्प, आणि मग पुण्यात पोचेपर्यंत मला फोन करत होते.

शांताबाईचा_नातू

टाकीत नाही, पण लहानपणी तारापोरवालात टाकीत पडण्याची फार इच्छा होती. चर्नी रोडला उतरायचं, मरीन ड्राइव्हचा वारा खात जायचं, आत अंधार आणि भिंतीत हिरव्या खिडक्या. 1951 सालचं मत्स्यालय, आमचे आजोबा पण शाळेतून तिथेच गेलेले. मी समुद्री कासवाच्या टाकीसमोरून हलायचो नाही, बाई कान धरून पुढे न्यायच्या. नंतर चौपाटीवर भेळ. खरं सांगायचं तर भेळच जास्त आठवते. 2015 मध्ये नव्यानं उघडलं तेव्हा पोरांना नेलं, छोटा बोगदा वगैरे केला होता. पोरं म्हणाली, बाबा दुबईला कधी जायचं?

रेवतीच्या_गोष्टी

भेळ 🥺 मी ठाण्याची, आमची पण सहल तिथेच असायची. डब्यात बटाट्याची सुकी भाजी-पोळी, आणि बसमध्ये हमखास कुणीतरी ओकायचं.

पिकलं_पान

मुलगा अटलांटाला असतो. तिथल्या जॉर्जिया ॲक्वेरियममध्ये व्हेल शार्कबरोबर पोहता येतं. वय वर्षे 64 ला केलं. डॉक्टरची चिठ्ठी नेली होती, सौ. काचेपलीकडे रामरक्षा म्हणत उभी.

अटलांटा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. नळाच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र बनवलेला, तोही 63 लाख गॅलन! व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खाणं बघा, अगदी बारीक जीव. माणसं रबरी होडीत बसून मोठ्या डावानं त्याच्या तोंडात ओतायची, आणि प्रत्येक मासा आपापल्या होडीमागे जायचा. नातवंडाला भरवल्यासारखं.

हात लावायचा नाही हा नियम. पण तो मासा बाजूला होत नाही, तुम्हालाच व्हावं लागतं. माझ्याकडे सरळ येत होता, तोंड एवढं रुंद की दोन्ही डोळे एकदम दिसेनात. गाईडनं मला दंडाला धरून ओढलं. मग तो शेजारून गेला... जातच राहिला. अंगावरचे पांढरे ठिपके आणि शेवटी शेपूट. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून ओळखतात.

शुद्धलेखन सांभाळून घ्या, फोनवर लिहितो आहे.

ढगातली_म्हैस

काका तुम्ही ग्रेट आहात 🙏 64!!

उलटा_प्रवाह

काका, तुमच्या हिमतीला सलाम. पण एक बोलतोच. ह्याच टाकीतले पहिले दोन नर, राल्फ आणि नॉर्टन, 2007 मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं मेले. सगळे तैवानहून आणलेले. समुद्रात खोल डुबकी मारणारा, हजारो किलोमीटर फिरणारा प्राणी आपण पोहायला जावं म्हणून टाकीत ठेवायचा, हे मला पटत नाही.

पिकलं_पान

बरोबर आहे तुमचं. परत गेलो तर उतरणार नाही. पण उतरलो नसतो तर ह्या माशाबद्दल एक अक्षर वाचलं नसतं, हेही खरं.

मालवणी_खाजा

@उलटा_प्रवाह, गुजरातमध्ये वेरावळ बाजूला ह्याची शिकार व्हायची, 2001 पासून कायद्यानं बंद. आता जाळ्यात आला तर खलाशी जाळं कापून सोडतात. आपल्याकडे पण संरक्षित जीव सोडला आणि फोटो दाखवला तर फाटल्या जाळ्याची 25,000 पर्यंत भरपाई आहे. आमच्या वाडीत एकानं कासव सोडलेलं, फोटोत कासव कमी आणि त्याचा अंगठाच जास्त. 😄 तरी झालं काम.

कानफाट्या_डॉक्टर

सर्दीबद्दल व्यवसायबंधूंतर्फे दोन शब्द. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असली की खाली जाताना दाब सारखा होत नाही. पडदा आत ओढला जातो, दुखतो, कधी फाटतोही. नाक मोकळं करायचा स्प्रे मारून जाऊ नका, खाली असताना त्याचा असर उतरला तर वर येताना पंचाईत. आणि टाकी असो वा समुद्र, एक डाइव्ह झाल्यावर निदान 12 तास विमान नको. सुट्टीतले लोक हे हमखास शेवटच्या दिवशी ठेवतात.

सायलेंट_वाचक

विचारू का नको कळत नाहीये. पाळी असताना शार्कच्या टाकीत गेलं तर?? माझ्या तारखा तशाच येतायत.

जलपरी_नागपूर

बिनधास्त जा गं. मी डाइव्हमास्टर आहे, अंदमानात कित्येकदा तशीच उतरलेय. त्यामुळे शार्क मागे लागतात असा काही पुरावा नाही. पोट दुखत असेल, थकवा असेल तर नको जाऊ, तेवढंच. आणि सुटाची चेन मागे असते तेव्हा बाथरूमला आधी जाऊन ये.

सायलेंट_वाचक

थँक्यू सो मच 🙈 नवऱ्याला विचारलं तर तो गूगल करत बसला.

लसणीची_फोडणी

अपडेट! साबांना अख्खा धागा वाचून दाखवला. त्या म्हणतात, मी जेवलीस का विचारतच नव्हते. तोंडातली नळी सुटेल, नीट धर असं सांगत होते. "तुला जेवायचं सुचलं कारण तू सकाळी इडल्या सोडल्या होत्यास."

ढगातली_म्हैस

😂😂😂 मेले

रेवतीच्या_गोष्टी

@मालवणी_खाजा, विषय निघालाच आहे तर विचारते. मोरीच्या मटणाला वाटण कसं करता? माझं कायम उग्र होतं.

उलटा_प्रवाह

शार्क वाचवण्याच्या धाग्यावर शार्कचं मटण. धन्य.

मालवणी_खाजा

दादा, बारकी मोरी ती. 🙏 आधी गरम पाण्यात टाकून वरची खरबरीत साल खरवडून काढायची, उग्रपणा तिथेच जातो. मग कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटण. आलं-लसूण सढळ. शेवटी कोकम.

रेवतीच्या_गोष्टी

मी साल काढतच नव्हते!! रविवारी करते.

नीरजा_कोल्हापूर

चष्मा असेल तर मास्कचं काय करतात? माझा -5 आहे.

जलपरी_नागपूर

नंबरचे मास्क मिळतात, बुकिंग करतानाच विचारून ठेव. नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्स, पण मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून घे, लेन्स वाहून जाते. आणि मुलाला कोण धरणार आहे बाहेर?

नीरजा_कोल्हापूर

सासरे येतायत सोबत. पण ते मॉलमध्ये दिसेल त्या बाकावर झोपतात 😐