नुसत्या प्रार्थनेने कोणी शिष्य होतं का?

नगरी_उपासक: आमच्या मंडळीत दर शुक्रवारी उपास-प्रार्थना, गर्दी मस्त असते, पण विनंत्या ऐका, पोराचा व्हिसा, प्रमोशन, फ्लॅटचं लोन. 'माझ्यामागे ये' म्हणणाऱ्या प्रभूला आपण अर्ज घेणारा क्लार्क करून टाकलाय. रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले, सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र. शिष्यपण ते! माझं मत, निम्म्या प्रार्थना सभा बंद करा न लोकांना कामाला लावा.

सुवार्ता_ताई: अजिबात पटलं नाही दादा. ज्याच्या पोराचा व्हिसा अडकलाय त्याने देवाला नाही सांगायचं तर कोणाला? रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं ना. आणि लूकच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय काढा, प्रभूने रात्रभर डोंगरावर प्रार्थना केली, उजाडल्यावर बारा शिष्य निवडले. पाचारणच प्रार्थनेतून आलंय.

नगरी_उपासक: रात्रभर प्रार्थना प्रभूने केली, बारा जणांनी नाही 😄 शिमोन-अंद्रिया या कोळ्यांना प्रभूची हाक आली तशी त्यांनी जाळी सोडून दिली, 'आधी उपास धरून बघतो' म्हणाले का?

सुवार्ता_ताई: सोडली की. आणि तोच शिमोन पेत्र गेथशेमाने बागेत 'जागे राहा, प्रार्थना करा' सांगूनही झोपला, न त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारून मोकळा. जाळी सोडायला एक क्षण पुरतो हो, पुढचं कशाच्या जोरावर निभावणार?

कॅम्पवाला: मधे पडतो, पंडिता रमाबाईंचं बघा ना. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, मुली तासन् तास रडत प्रार्थना करायच्या, ते सगळ्या पाळकांना तोंडपाठ. पण 1897 च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या न उपाशी मुली घेऊन आल्या, ते उपदेशात कोण सांगतं? ते आधीचं आहे बरं का.

सुवार्ता_ताई: मग तेव्हा बाई प्रार्थना न करताच गेल्या होत्या काय?

नगरी_उपासक: तसं कोण म्हणतंय, पण गेल्या ना! आणि पेत्राला एवढं धरू नका ताई, प्रभूला धरून नेल्यावर निदान मुख्य याजकाच्या वाड्यापर्यंत तरी मागोमाग गेला, आपण सभेनंतर चहाच्या टेबलापर्यंत जातो.

सुवार्ता_ताई: मागोमाग नाही, दुरून. लूकने तसंच लिहिलंय. बरं राहू दे, शुक्रवारी सभा सुटल्यावर सिव्हिलला पेशंटना भेटायला कोण कोण येणार ते इथंच सांगा, विनंत्यांची यादी आटोपती घ्यायला मी पाळकसाहेबांना सांगते.