इंटर्नशिप की पक्की नोकरी? बेळगावकडच्यांनो, आपापलं सांगा

भाची टिळकवाडीत राहते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात दोन पत्रं. मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत (कंपन्यांना भांडवल उभं करून देणारी, खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणारी) 6 महिने इंटर्नशिप, पुढचं काही लिहिलेलं नाही. आणि बंगळूरुला कायमची नोकरी, अकाउंट्सची. उत्तर आठ दिवसांत द्यायचंय. घरात रोज पंचायत बसते, पण त्यात या धंद्यातलं कुणी नाही. सल्ला भरपूर मिळालाय, तुमचं काय झालं ते सांगा.

चिकोडीकडचा
मी इंटर्नशिप घेतली. डील-बिल लांबच, पहिले दोन महिने पिचबुकातले, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला दाखवायच्या सादरीकरणातले, आकडे जुळवण्यात आणि तक्त्यांच्या रेघा सरळ करण्यात गेले. रात्री दोनला मेल यायचा, सकाळी नऊला परत हजर.

एकदा साखर कंपन्यांचं काम आलं. एका धंद्यातल्या कंपन्या शेजारी मांडायच्या, कुणाची किंमत नफ्याच्या किती पट चाललीय ते बघायचं. टीमला रिकव्हरी (उसातून किती टक्के साखर निघते), एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) समजावून सांगावं लागत होतं. माझं तर बालपणच त्यात गेलं. ऊस घातल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमच्या घरी ते बिल कधी आलं, ते आईला विचारा! थकलेली ऊसबिलं म्हणजे शेतकऱ्याकडून बिनव्याजी घेतलेलं कर्जच, तेवढं ताळेबंदात वेगळं काढून बघा, असं मी सुचवलं. साहेबांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

तरी जागा मिळाली नाही. बाजार मंदावला, डील अडकली, टीममध्ये नवीन भरती बंद. चार महिने घरी होतो. "मुंबईस्नं कधी आलास गा?" असं स्टँडवर रोज कुणीतरी विचारायचं. पाचव्या महिन्यात पुण्यात व्हॅल्युएशनचं, म्हणजे कंपन्यांची किंमत ठरवायचं, काम लागलं, आणि मुलाखतीत अर्धा तास उसावरच बोललो. ते चार महिने घरच्या दुधावर निघाले. ज्याच्या घरी हप्ता चालू आहे, त्यानं हे धाडस करावं असं मी म्हणणार नाही.

उद्यमबाग
आमच्या घरी हप्ता चालू होता. वडील फाउंड्रीत, बहिणीचं लग्न तोंडावर. राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली आणि बंगळूरुला रुजू झालो. पस्तावलो नाही. एक मात्र सांगतो: परदेशी बँकांची मोठी ऑफिसं बंगळूरुतही आहेत, पण बोर्डावरचं नाव बघून हुरळू नका. डील करणारी टीम वेगळी, मागचं कागदपत्र सांभाळणारी वेगळी. एकीतून दुसरीत उडी मारणं सोपं नसतं.

खानापूरकर
माझं जरा लाजिरवाणं आहे. नोकरीला होकार देऊन बसलो होतो, मग इंटर्नशिपचं पत्र आलं आणि रुजू व्हायच्या आठवडाभर आधी नकार कळवला. माझं भलं झालं, इंटर्नशिपनंतर तिथंच ठेवून घेतलं. पण ती कंपनी पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजात आलीच नाही. माझ्यामुळंच, असं कुणी म्हटलं नाही. धाकट्या पोरांसमोर मात्र मान खाली जाते.

निपाणी
दोन्हीकडं विचारून बघितलंय काय? मी नोकरीवाल्यांना रुजू व्हायची तारीख 3 महिने पुढं मागितली, त्यांनी 2 दिली. मुंबईवाल्यांना विचारलं, गेल्या खेपेच्या इंटर्नपैकी किती जणांना ठेवलं? फोनवर गोलगोल बोलले. तेव्हाच कळलं. 2 महिने शिकून आलो आणि तंबाखूच्या हंगामाआधी नोकरीवर हजर.

धागा काढणारा
निपाणीकरांचं वाचून भाचीनं काल रात्री दोन्हीकडं मेल टाकले. बंगळूरुहून सकाळीच फोन आला, 15 दिवस थांबतो म्हणाले. मुंबईचं अजून काही नाही.