तैगात पाऊस आपल्यापेक्षा कमी, मग अरण्य इतके दाट कसे?

तापीकाठ (चोपडा)
तैगा, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातील सूचिपर्णी अरण्यांचा पट्टा, हा नैसर्गिक प्रदेश शिकवताना वर्गातील एका मुलीने विचारलेला प्रश्न येथे मांडतो आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही होळीपर्यंत सातपुड्यातील साग निष्पर्ण होतो आणि विहिरी तळ गाठतात. उलट सायबेरियातील याकुत्स्कला पाऊस आणि हिम मिळून जेमतेम २४० मिलिमीटर पाणी मिळते, तरी तेथे लार्च वृक्षांचे अफाट अरण्य आहे आणि अधूनमधून दलदलीही आहेत. थंडीमुळे बाष्पीभवन कमी होते, हे पुस्तकी उत्तर मी दिले. पण तेथील जुलैचे सरासरी तापमान १९-२० अंश असते. मग पाणी टिकते कसे?

सातपुडा_पायथा (यावल)
सर, बाष्पीभवनाचे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे जमिनीखाली आहे. याकुत्स्क परिसरातील जमीन शेकडो मीटर खोलीपर्यंत बारमाही गोठलेली असते आणि उन्हाळ्यात वरचा एक-दोन मीटरचा थर तेवढा सैल होतो. एका व्यापारी कंपनीच्या फ्योदर शेर्गिन नावाच्या कर्मचाऱ्याने तेथे पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटर, म्हणजे सुमारे ३८० फूट खोल गेली, तरी गोठलेली मातीच लागत राहिली. (एवढे खणून कोरडी विहीर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या केळीवाल्यांना वेगळे सांगायला नको.) हा गोठलेला थर सिमेंटच्या हौदाच्या तळासारखा काम करतो. हिवाळाभर साचलेले हिम मे महिन्यात वितळते, ते पाणी खाली मुरू शकत नाही आणि नेमके वाढीच्या दिवसांत मुळांपाशी राहते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने ऊन तो ओलावा ओढून घेते.

फिनलंडच्या बहुतेक भागात मात्र असा गोठलेला तळ नाही. तेथे पाऊसच अधिक आहे. त्यामुळे सगळ्या तैगाला एकच कारण लावू नये.

अंजनवन (शहादा)
साग आणि लार्च यांची तुलना वर्गात अवश्य करावी. साग उन्हाळ्यात पाने टाकतो, कारण जमिनीत पाणी नसते; लार्च हिवाळ्यात सुया, म्हणजे आपली सुईसारखी पाने, टाकतो, कारण पाणी असूनही गोठलेले असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. झाडाच्या दृष्टीने दोन्ही दुष्काळच. स्प्रूस आणि पाइन सुया टाकत नाहीत. सुईचा अरुंद आकार, वरचे मेणचट आवरण आणि आत दबलेली पर्णरंध्रे यांमुळे त्यांच्यातून पाणी फारच थोडे जाते. तरीही पूर्व सायबेरियाच्या सर्वांत कडाक्याच्या थंडीत वरचढ ठरतो तो लार्चच.

दाट अरण्य म्हणजे सुपीक माती, असे मात्र विद्यार्थ्यांच्या मनात राहू देऊ नये. गळलेल्या सुया थंडीत फार हळू कुजतात, त्यांतून निघणारी आम्ले अन्नद्रव्ये खाली वाहून नेतात आणि वर राखाडी रंगाचा निकस थर उरतो. आपल्या काळ्या मातीशी त्याची बरोबरी नाही. झाडे जगतात ती बऱ्याच अंशी मुळांवरील बुरशीच्या साथीने.

तापीकाठ (चोपडा)
दोघांचे आभार. मग तापमान वाढून हा तळच वितळला, तर अरण्य वाळेल की बुडेल?

सातपुडा_पायथा (यावल)
दोन्ही घडू शकते, आणि ते उतारावर व जमिनीतील बर्फाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. उतारावर पाणी खोल मुरून किंवा वाहून गेले की वरचा थर कोरडा पडतो. सपाट, बर्फाने भरलेल्या जमिनीत बर्फ वितळताच भूभाग खचतो, झाडे वाकडीतिकडी कलतात आणि तळी तयार होतात. झाडांची सावली आणि शेवाळाची गादी खालचा बर्फ राखतात; म्हणून २०२१ मध्ये याकुतियात (याकुत्स्क ज्याची राजधानी आहे त्या प्रदेशात) लागले तशा वणव्यांची हानी जळालेल्या लाकडापुरती उरत नाही. वेर्खोयान्स्कजवळच्या बातागाय येथे १९६० च्या दशकात जंगल तोडल्यानंतर जमीन खचू लागली. आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीची घळ आहे आणि ती अजूनही रुंदावते आहे.