पत्रिका नापास झाली, मग विश्वास कशावर?

तिरकस: जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० पत्रिका, गतिमंद मुलांच्या १००. प्रत्येकाला ४० दिल्या. कोणती कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती! तरी भविष्य वाचताना 'अगदी मीच' वाटतं, कारण भाषा मोघम. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन दिलं, तेही बरंचसं राशीच्या पुस्तकातून उचललेलं. पोरांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

पेन्शनर: माणूस ज्योतिषाकडे परीक्षा घ्यायला जात नाही हो. नोकरी गेलेल्याला 'साडेसाती आहे, वर्षभरात सुटेल' ऐकलं की रात्री झोप लागते. तुमचे समुपदेशक तासाचे किती घेतात?

तिरकस: झोप लागते, मान्य. शांतीचा खर्च ऐकून उडतेही.

ओसाकाची सून: इथे जपानमध्ये स्वभाव ओळखायला रक्तगट विचारतात. ए म्हणजे शिस्तीचा, बी म्हणजे आपल्याच तंद्रीत. फुरुकावा नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली, लेखक नोमींच्या १९७१ च्या पुस्तकाने घराघरात नेली. हसण्यावारी नेलं असतं, पण १९६६ चं काय? ते 'हिनोएउमा', म्हणजे इथल्या जुन्या पंचांगातलं 'अग्नी-घोड्याचं' वर्ष. त्यात जन्मलेली मुलगी नवऱ्याला गिळते म्हणे. त्या एका वर्षात देशातले जन्म सुमारे २५ टक्क्यांनी घटले. बुलेट ट्रेन धावू लागून दोन वर्षं झाली होती. पेन्शनरकाका, झोप एकाला लागते आणि मंगळ मुलीच्या कपाळी येतो.

पेन्शनर: तो दोष रूढीचा, शास्त्राचा नव्हे. मंगळाच्या मुलीला मंगळाचा मुलगा बघतातच की.

तिरकस: म्हणजे आधी अडचण तयार करायची, मग तोडगा विकायचा!

मंडळवाली: मी वधुवर सूचक मंडळात काम करते. तुम्ही सगळे विश्वासावर भांडताय. आमच्याकडे निम्म्या वेळा पत्रिका कुणी उघडतही नाही. मुलगी सावळी वाटली, पगार कमी वाटला, हे तोंडावर कसं सांगणार? 'पत्रिका जुळत नाही' म्हटलं की कुणी दुखावत नाही. आणि मुलगा अमेरिकेत असला की १८ च्या आत गुण असले तरी चालतात. तिथे नारळीकरांची टक्केवारी दाखवून काय होणार?

पेन्शनर: बघा, म्हणजे ज्योतिषी बिचारा निर्दोष!