स्वेच्छामरण मागितलं म्हणून पॅलिएटिव्हवाल्यांनी उठून जायचं का?

रेवा_पर्थ:
मी इथे घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचा त्रास कमी करणारी सेवा, देणारी नर्स. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२१ पासून स्वेच्छामरणाचा कायदा लागू आहे, दोन डॉक्टर वेगवेगळे तपासतात, पेशंटला आधी तोंडी, मग साक्षीदारांसमोर लेखी, मग शेवटची अशी तीनदा मागणी करावी लागते, म्हणजे वैतागाच्या भरात सही केली आणि झालं असं नाही. माझं भांडण कायद्याशी नाहीच, आपल्याच लोकांशी आहे. एक आजोबा होते, फुप्फुसाचा कॅन्सर, सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे त्वचेखाली थोडं थोडं औषध सोडत राहणारा छोटा पंप, लावलेला. त्यांनी अर्ज केल्याचं कळलं आणि टीमच्या फेऱ्या आठवड्याला तीनच्या एक झाल्या, का ते कोणी सांगितलं नाही. मी गेले की ते अर्जाचे कागद उशीखाली सारायचे. स्वेच्छामरणाचं औषध घ्यायच्या दिवशी आमच्यापैकी कोणी खोलीत थांबायचं नाही असा नियम, म्हणून मी बाहेर गाडीत. आजी दोनदा गाडीपाशी येऊन विचारून गेल्या, ते असे घोरतायत, ठीक आहे ना? मी आत असायला हवं होतं, अजून झोपेत ते आठवतं.

डॉ_पुणे:
रेवाताई, तुमची तळमळ कळते पण मी सहमत नाही. मी इथे पॅलिएटिव्ह ओपीडी बघतो. वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी लिहिली की नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारतात, डॉक्टर, म्हणजे आता संपवायचंच का? १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणं इतकं अवघड करून ठेवलं होतं की २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली, आणि लोकांच्या मनातली भीती तर अजून तशीच आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे मरण लवकरही आणायचं नाही आणि लांबवायचंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येतच आहे हे. तीच टीम वेदनेवर उपचार आणि स्वेच्छामरण दोन्ही करायला लागली तर माझ्या पेशंटने माझ्या हातून गोळी का घ्यावी? आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ ला प्रक्रिया सोपी केली, पण ते नुसतं उपचार थांबवण्याबद्दल आहे. दोन्ही एकत्र केलं की लोक लिव्हिंग विललाही घाबरतील.

सून_मेलबर्न:
डॉक्टर, एकत्र करा असं कोण म्हणतंय? एकमेकांना फोन करा एवढंच! सासूबाईंच्या वेळी पॅलिएटिव्हवाले डोस बदलायचे आणि स्वेच्छामरणाच्या डॉक्टरांना पत्ताच नसायचा, औषधांची यादी हाताने लिहून इकडून तिकडे नेणारी मी, त्यात एकदा माझ्याकडून जुनी यादी गेली. त्यांना शेवटी गिळताच येईना हे एकाला माहीत, दुसऱ्याला नाही, आणि तोंडाने घ्यायचं औषध मंजूर होऊन बसलेलं. तत्त्वं तुमची, धावपळ आमची.

डॉ_पुणे:
हे चुकीचंच झालं, त्याचं समर्थन नाही करणार. माहिती द्या, वेदनेवरचे उपचार शेवटपर्यंत चालू ठेवा, फेऱ्या तर अजिबात कमी करू नका. पण खोलीत हजर राहायची सक्ती नर्सवर नको, ज्याच्या मनाला पटत नाही त्याने काय करायचं?

रेवा_पर्थ:
सक्ती नकोच. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात नकार द्यायची मुभा आहेच की. मी उलटं विचारतेय, ज्याला थांबायचंय त्याला बाहेर का काढता? आणि भीतीचं म्हणाल तर इथे डॉक्टरने आपणहून स्वेच्छामरणाचा विषय काढला तर त्याच वेळी उपचार आणि पॅलिएटिव्हचे पर्यायही सांगावे लागतात, म्हणजे कायद्यानेच दोघांना एका वाक्यात बसवलंय. अर्ज केलेल्या माणसाला दुखतंच ना, बद्धकोष्ठ होतोच, रात्री धाप लागतेच. आजोबांचा ड्रायव्हर त्या आठवड्यात दोनदा अडला आणि ते सकाळपर्यंत कण्हत पडून राहिले, कारण आमची फेरी गुरुवारी होती. फोन का नाही केला विचारलं तर म्हणाले, तुम्ही लोक रागावलाय असं वाटलं.

सून_मेलबर्न:
सासूबाई पण हेच म्हणायच्या. अगदी हेच शब्द.