डॉर्निअरचा अपघात आणि माझी पोरगी

त्रिमूर्तीनगरची आई
पोरगी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नौदलात ऑब्झर्व्हर, म्हणजे विमानातून टेहळणी करणारी अधिकारी, व्हायचं म्हणते. तिच्यासाठी म्हणून माहिती शोधत बसले अन् 2015 ची बातमी समोर आली. 24 मार्चच्या रात्री गोव्याजवळ नौदलाचं डॉर्निअर हे टेहळणीचं विमान समुद्रात पडलं. सरावाचं उड्डाण होतं. सहवैमानिक अभिनव नागोरी अन् लेफ्टनंट किरण शेखावत गेले. किरण ऑब्झर्व्हरच होती, 26 वर्षांची. लढाई नाही, काही नाही, सरावातच? यांना विचारलं तर म्हणे, "पडते विमान कधी कधी." पेपर वाचत होते, मान वर केली नाही.

सोनेगावचा काका
ताई, मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो, चार वर्षं डॉर्निअरवर हात काळे केले. सराव म्हणजे सोपं काम, हे आधी डोक्यातून काढा. टेहळणीच्या विमानाला पाण्यावर काय आहे ते बघायला खाली यावं लागते, रात्रीसुद्धा. आपल्या नागपूरवर रात्री आलात तर दिवेच दिवे, मधात अंबाझरी तलावाचा काळा तुकडा. समुद्र म्हणजे सगळाच अंबाझरी. वर काळं, खाली काळं, क्षितिज गायब. विमान वर चाललं की खाली, हे शरीर चुकीचं सांगते. तेव्हा शरीराचं न ऐकता कॉकपिटातल्या उंची-वेग दाखवणाऱ्या घड्याळांचं ऐकायचं, अन् ही सवय रात्री समुद्रावर गेल्याशिवाय लागत नाही. त्याच अपघाताचं नाही सांगत, एकूण असं असते.

अन् यात लढाऊ विमानासारखी खुर्चीसकट बाहेर फेकणारी सोय नसते. डॉर्निअरचे पंख वर, अन् माणसं बसतात ते धड खाली. पाण्यावर उतरलं की धडच आधी पाण्यात बसते. किरणचा देह दोन दिवसांनी विमानाच्या धडातच सापडला. वैमानिक कमांडर निखिल जोशी वाचले, त्यांना मासेमारांनी उचललं.

विदर्भकन्या
काकू, घाबरवण्यापुरतंच वाचू नका हो. ऑब्झर्व्हर विमान चालवत नाही. रडार, सेन्सर, कुठं काय दिसलं, पुढं काय करायचं, ते सगळं तिच्याकडे. 2009 मध्ये पहिल्या दोघी बायका ऑब्झर्व्हर झाल्या. 2019 च्या डिसेंबरात शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, तीही डॉर्निअरवरच. कोचीला बुडवलेल्या कॉकपिटातून बाहेर यायचं शिकवतात. मी तिच्या जागी असते तर आधी पोहायला शिकले असते.

सोनेगावचा काका
हे बरोबर बोलली. ताई, येते का तिला पोहता?

त्रिमूर्तीनगरची आई
नाही ना! लहानपणी सर्दी होते म्हणून मीच जाऊ दिलं नव्हतं. आत्ताच तिला विचारलं, तर म्हणे, "आई, मी सोमवारपासून तरणतलावावर जातेय. बाबांनी फी भरली." हे अजून पेपरच वाचताहेत.